तिने ऐकलेलं ती कुठे ठेवणार? गृहभेटींचे कार्यक्रम चालवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गृहभेटींचे कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थांचे प्रमुख, प्रकल्प अधिकारी, पर्यवेक्षक आणि या कार्यक्रमांना निधी देणारे सर्वजण यांस

विषय : गृहभेटी करणाऱ्या कार्यकर्त्यांना होणारा दुय्यम आघाताचा ताण आणि त्याबाबतची आपली जबाबदारी

सप्रेम नमस्कार.

मी अकरा वर्षं गृहभेटी केल्या. गेली सहा वर्षं भेटी करणाऱ्या आठ जणींची पर्यवेक्षक आहे. गरोदर बाई असलेलं घर, पहिलं बाळ आलेलं घर, जिथल्या मुलाबद्दल कुणाला तरी काळजी वाटली आहे असं घर. तिथे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला जायचं, बाळाला बघायचं, आईशी बोलायचं, हळूहळू तिचा विश्वास मिळवायचा, हे काम आपल्याला ठाऊक आहेच. ते करणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

माझ्या गटातली एक कार्यकर्ती गेल्या वर्षी काम सोडून गेली. कागदोपत्री ती आमची सर्वांत चांगली कार्यकर्ती होती. भेटी वेळेवर, फॉर्म पूर्ण, एकही रकाना रिकामा नाही. शेवटच्या चार महिन्यांत तर तिच्या भेटी आणखी आटोपशीर झाल्या होत्या आणि आढावा बैठकीत मी तिचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. शेवटच्या दिवशी फायली माझ्याकडे सोपवून ती बराच वेळ नुसती बसून राहिली. मग म्हणाली, "ताई, तो प्रश्न मी चार महिने कुणालाच विचारला नाही."

तो प्रश्न म्हणजे, घरात कुणी मारहाण करतं का, कुणाची भीती वाटते का. तिने सगळ्या फॉर्मवर न विचारताच 'नाही'पुढे खूण केली होती. "आणखी एक 'हो' ऐकायची ताकदच उरली नव्हती," ती म्हणाली.

चार महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते मला माहीत होतं. एका घरात, बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईने तिला आदल्या रात्री काय घडलं ते सांगितलं होतं. बारीकसारीक तपशिलांसह, सगळं. सांगताना त्या बाईचा आवाज एकदाही कापला नाही, आणि तेच आमच्या कार्यकर्तीला सर्वांत असह्य झालं. तिने करायला हवं ते सगळं केलं. सुरक्षिततेबद्दल बोलली, मदत कुठे मिळेल ते सांगितलं, नियमाप्रमाणे वर कळवलं, अहवाल लिहिला. मलाही फोन केला. मी विचारलं, "नोंद झाली का?" ती हो म्हणाली. फोन ठेवताना मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नकोस." त्या दिवशी तिची आणखी दोन घरं बाकी होती. ती तिने केली.

मी वाईट हेतूने बोलले नव्हते. मलाही माझ्या पर्यवेक्षकांनी हेच सांगितलं होतं. पण मनाला लावून घेतल्याशिवाय हे काम होतच नाही. त्या आईने तिला सांगितलं ते ती मन लावून ऐकते म्हणूनच. ज्या गुणासाठी आपण तिला निवडलं, त्याच गुणाच्या वाटेने दुखापत आत शिरते, आणि तेव्हा आपण तिला सांगतो की तो गुण जरा बाजूला ठेव.

या दुखापतीला नाव आहे. दुसऱ्यावर कोसळलेल्या भयंकर गोष्टी पुन्हापुन्हा जवळून ऐकल्याने ऐकणाऱ्यालाही आघाताची लक्षणं दिसू लागतात, त्याला दुय्यम आघाताचा ताण म्हणतात. १९९० साली लिसा मॅककॅन आणि लॉरी पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की आघात सोसलेल्यांसोबत काम करताना कार्यकर्त्याची जगाकडे बघण्याची नजरच बदलत जाते. १९९५ मध्ये चार्ल्स फिगली यांनी 'करुणेचा थकवा' म्हणून याच ताणाची सविस्तर मांडणी केली. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने मानसिक आजारांच्या आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आघाताच्या अनुभवांमध्ये, कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे क्लेशकारक तपशील वारंवार कानावर पडणं, हेही धरलं. म्हणजे तिला जे झालं ते पुस्तकात आहे, प्रशिक्षणात शिकवता येण्यासारखं आहे. आमच्या प्रशिक्षणात मात्र ते कधीच नव्हतं.

थकवा आणि हा ताण यांत गल्लत होते, म्हणून थोडं सांगते. कामाचा थकवा हळूहळू साचतो. भेटी जास्त, प्रवास जास्त, कागद जास्त, दाद कमी. सुट्टी मिळाली, काम हलकं झालं की त्यात फरक पडतो. दुय्यम आघात एका दुपारी, एका घरात, एका वाक्यातही होऊ शकतो. रात्री डोळे मिटले की न पाहिलेलं दृश्य दिसतं. त्या रस्त्याने जायचं टाळलं जातं. दार जोरात आपटलं की छाती धडधडते. आपल्या मुलाला शेजारी खेळायला पाठवताना हात मागे येतो. मी स्वतः भेटीच्या घरातल्या एका बाळाच्या मृत्यूनंतर दोन वर्षं माझ्या मुलीच्या नाकापाशी हात धरून श्वास तपासायला रात्री उठत होते. ती तेव्हा सहा वर्षांची होती. मला वाटायचं, मी जरा जास्तच काळजी करणारी आई आहे.

ही लक्षणं कार्यकर्तीला त्रास देतात हे तर आहेच. पण त्यातलं 'टाळणं' हे लक्षण आपण सर्वांनी नीट समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. कारण गृहभेटींच्या कामात टाळणं हे टाळणं म्हणून दिसत नाही, शिस्त म्हणून दिसतं. भेट पन्नास मिनिटांवरून पंचवीसवर येते, आपल्याला वाटतं हिला वेळेचं गणित जमलं. आई काही सांगायला लागली की कार्यकर्ती लसीकरणाचं कार्ड काढते, आपल्याला वाटतं ही विषय सोडत नाही. अवघड कुटुंब दोनदा घरी सापडत नाही, तिसऱ्यांदा 'कुटुंबाचा प्रतिसाद नाही' असा शेरा येतो आणि केस बंद होते. दार खरंच बंद होतं, की तिने नीट वाजवलंच नाही? हे आपल्या कुठल्याच अहवालात कळत नाही.

ती गेल्यावर तिची एकोणीस घरं आम्ही तिघींनी वाटून घेतली. आम्ही तो प्रश्न पुन्हा विचारला, घाई न करता, योग्य वेळ बघून. चार घरांत उत्तर 'हो' आलं. त्यांतली एक म्हणाली, "त्या ताई विचारतील असं वाटत होतं. मी वाट बघत होते."

तिचं हे वाक्य मी त्या महिन्याच्या अहवालात लिहिलं. छापील नमुन्यात त्याला जागा नव्हती, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. त्यावर कुणी काही विचारलं नाही.

दवाखान्यात किंवा समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्यांनाही हा ताण होतो. पण गृहभेटीचं काही वेगळंच आहे, आणि कार्यालयात बसून आखलेल्या योजनांमधून ते निसटतं. दवाखान्यात खोली आपली असते, वेळ आपली असते, शेजारच्या टेबलावर सहकारी असते. घरात आपण पाहुणे असतो. आतल्या खोलीत कोण आहे ते आपल्याला माहीत नसतं. आई कुजबुजत बोलते तेव्हा ती कुणाला घाबरून कुजबुजते आहे, हे विचारताही येत नाही. ज्या भिंतीवर डोकं आपटलं गेलं ती भिंत समोर असते. आणि निघताना आपण चप्पल घालून बाहेर पडतो, ते मूल मात्र तिथेच राहतं. पुढच्या आठवड्यापर्यंत. मला आजवर भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक कार्यकर्तीने हीच गोष्ट सर्वांत जड असल्याचं सांगितलं आहे.

मग पुढचं घर. मधला अर्धा तास ती एकटी असते, आणि तिथे पोहोचल्यावर एखादं नवं बाळ तिच्याकडे बघून हसतं, तर तिनेही हसायला हवं. हसणं खोटं असून चालत नाही, कारण त्या आईला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणणार असतं की तुझं छान चाललंय. एका दुपारी दोनदा मन असं वळवावं लागतं. हे कौशल्य आहे आणि त्याची झीजही आहे.

शिवाय आपल्यातल्या अनेक कार्यक्रमांत मुद्दाम त्याच वस्तीतल्या, तेच सोसलेल्या बायका कार्यकर्त्या म्हणून घेतल्या जातात. ते योग्यच आहे, त्यांच्यापाशी लोक बोलतात. पण आईच्या बालपणाबद्दलची प्रश्नावली भरून घेताना कार्यकर्ती मनातल्या मनात स्वतःचीही उत्तरं देत असते. एकीने मला सांगितलं होतं, "ती सातव्या प्रश्नाला थांबली, तेव्हा मीही थांबले होते." आपण तिच्या पूर्वायुष्याचा उपयोग करून घेतो, ते हाताळायला मदत देत नाही.

आता उपायांकडे येते. गेल्या काही वर्षांत हा विषय मान्य करणाऱ्या संस्था वाढल्या आहेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण बहुतेक ठिकाणी उपाय म्हणून एक दिवसाची कार्यशाळा होते, 'स्वतःची काळजी घ्या' या विषयावर. श्वासाचे व्यायाम, छंद जोपासा, पुरेशी झोप घ्या. यात चुकीचं काही नाही, मीही रोज चालायला जाते. पण २००६ साली कॅनडातल्या टेड बोबर आणि शेरिल रेगर यांनी आघातग्रस्तांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकांचा अभ्यास केला, तेव्हा अशा उपायांना किती वेळ दिला याचा आघाताच्या लक्षणांशी संबंध दिसला नाही. आठवड्यातले किती तास आघात सोसलेल्या लोकांसोबत जातात, याच्याशी मात्र तो दिसला. दोघांचा निष्कर्ष असा होता की व्यक्तीला शहाणं करण्यापेक्षा काम कसं वाटलं जातं ते बघायला हवं. काम कार्यकर्ती वाटत नाही, ते आपण वाटतो.

आपल्याला वाटेल, असं कितीजणींना होत असेल? २००७ साली ब्रायन ब्राइड यांनी अमेरिकेतल्या एका राज्यातल्या सामाजिक कार्यकर्त्यांची पाहणी केली. सुमारे ७० टक्के जणांना मागच्या आठवड्यात किमान एक लक्षण जाणवलं होतं, आणि सुमारे १५ टक्के जणांची लक्षणं आघातोत्तर ताणविकाराच्या मुख्य निकषांत बसत होती. तो अभ्यास गृहभेटींचा नव्हता, पण माझ्या आठ जणींकडे बघताना मला तो परका वाटत नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सर्वांत मोठं मागणं हे आहे : प्रत्येक कार्यकर्तीला आठवड्यातला एक तास द्या. तिच्या एकटीचा, ठरलेल्या वेळेचा, कामाच्या वेळेत मोजला जाणारा. त्या तासात भेटींची संख्या निघणार नाही, फॉर्म तपासले जाणार नाहीत. ज्या घरातून बाहेर पडताना पाय जड झाले, त्या घराबद्दल ती बोलेल, आणि समोरची व्यक्ती उपाय सुचवायची घाई न करता ऐकेल. तुला तिथे काय वाटलं, बाळाकडे बघताना काय वाटलं, तुझ्या जागी त्या आईला काय दिसलं असेल, असं ती विचारेल. याला चिंतनशील पर्यवेक्षण म्हणतात. ही काही नवी टूम नाही. सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बाळ आणि आई यांना त्यांच्या घरी जाऊन मदत करायला सुरुवात केली, त्या कामाच्या परंपरेतून ते वाढत आलं आहे. त्यामागची समज साधी आहे. कार्यकर्तीचं कुणी शांतपणे ऐकून घेतलं तर ती आईचं ऐकू शकते, आणि आईचं कुणी ऐकलं तर ती रडणाऱ्या बाळाला जवळ घेऊ शकते.

हे परवडत नाही असं म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की जगातले नावाजलेले गृहभेट कार्यक्रम हा तास चैन मानत नाहीत. डेव्हिड ओल्ड्स यांनी १९७७ साली अमेरिकेतल्या एल्मायरा या गावात ज्या परिचारिका-भेटींचा प्रयोग सुरू केला आणि ज्याचे परिणाम आपण सगळे प्रस्तावांमध्ये उद्धृत करतो, त्यातून उभ्या राहिलेल्या कार्यक्रमात एका पर्यवेक्षकाकडे आठपेक्षा जास्त परिचारिका नसतात आणि पर्यवेक्षणाचा तास दर आठवड्याला असतो. आपण त्यांच्या भेटींचं वेळापत्रक घेतलं, प्रश्नावल्या घेतल्या, आणि हा तास तेवढा गाळला. तास गाळून तेच परिणाम मिळतील, ही अपेक्षा मला कधीच समजलेली नाही.

हा तास घेणारी व्यक्ती शक्यतो तिचं वार्षिक मूल्यमापन करणारी नसावी. नसेलच दुसरं कुणी, तर दोन्ही कामं दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या नोंदवहीत. जिच्या हातात माझी पगारवाढ आहे तिच्यापुढे मी कशी म्हणणार की त्या घराच्या दारात मला भीती वाटते?

दुसरं, केसेस मोजताना नुसती डोकी मोजू नका. निवांत चाललेलं घर आणि हिंसा, व्यसन, मुलाची आबाळ असलेलं घर यांचा आकडा आज सारखाच, एक. प्रत्येक घराला त्याच्या भाराप्रमाणे गुण द्या आणि कार्यकर्तीच्या वाट्याला किती गुण आले ते बघा. काही कार्यक्रम हे करत आले आहेत. आज काय होतं? जी चांगलं ऐकते तिच्याकडे आपण अवघड घरं ढकलत राहतो, ती मोडेपर्यंत. माझ्या हातूनही हे झालं आहे.

एखादं बाळ दगावलं, मोठी हिंसा झाली, किंवा कार्यकर्तीवरच कुणी धावून आलं, तर त्या दिवशी काय करायचं हे आधीच लिहून ठेवा. उरलेल्या भेटी कुणीतरी दुसरी करेल. पर्यवेक्षक फोनवर न भागवता समोर येईल. आणि पहिलं वाक्य नोंदीबद्दल नसेल. बाळ गेलं त्या संध्याकाळी माझ्या हातातून फाईल घेतली गेली होती, चौकशीसाठी. चौकशी व्हायलाच हवी होती, पण मी त्या बाळाला पाच महिने ओळखत होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मात्र सगळ्यांना एका खोलीत बसवून त्याच दिवशी जे झालं ते सक्तीने बोलायला लावू नका. एकेकट्याला अशा एकाच बैठकीत बोलायला लावूनही पुढचा ताणविकार टळत नाही, हे २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, स्पष्ट झालं आहे. काहींना त्याने अपायही होऊ शकतो. बोलायचं तेव्हा ती बोलेल. दार उघडं आहे, एवढं तिला नक्की माहीत हवं.

मुलाच्या सुरक्षिततेबद्दल वर कळवावं लागतं, तेव्हाचा भार वेगळा. महिनोन्‌महिने जपलेला विश्वास एका फोनने तुटतो, आणि तो फोन करणंच बरोबर असतं. त्यानंतरच्या भेटीला तिच्यासोबत जा. निर्णयावर तिची एकटीची सही नको, संस्थेचीही हवी, म्हणजे घरच्यांचा रोष आणि मनातली टोचणी तिच्या एकटीवर येणार नाही.

उपचाराची गरज पडली तर तो खर्च आणि ती रजा संस्थेची असावी, आणि कुणी उपचार घेतले याची वाच्यता होऊ नये. ताण मोजायला साधी प्रश्नावलीही आहे, ब्राइड यांनीच सहकाऱ्यांसोबत २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली, १७ विधानांची. ती जरूर वापरा, पण उत्तरं तिच्याकडेच राहू द्या. ती एकदा का कामगिरीच्या फाईलला लागली की पुढच्या वेळी सगळ्या जणी 'मला काही त्रास नाही' असंच लिहितील.

आणि पर्यवेक्षकांचाही विचार करा. आठ जणींनी ऐकलेलं आठवड्याच्या शेवटी माझ्यापाशी येतं. माझा असा तास गेल्या सहा वर्षांत एकदाही झालेला नाही.

हे सगळं लिहिताना एक भीती वाटते, की वाचून कुणी म्हणेल, एवढं वाईट असेल तर बायका हे काम करतात कशाला. त्याचं उत्तर मला देता येतं. २००७ साली पिलार एर्नांदेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबियात राजकीय हिंसा सोसलेल्यांसोबत काम करणाऱ्या उपचारकांशी बोलून दाखवलं की दुसऱ्याचं सावरणं बघताना बघणाऱ्यालाही बळ मिळतं. ते मी अनुभवलं आहे. ज्या आईने मला पहिले तीन महिने दारातूनच परत पाठवलं, तिने चौथ्या महिन्यात बाळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा जरा, मी तोंड धुऊन येते." ती दुपार मला अजून पुरते. अशा दुपारी वाट्याला येण्यासाठी कार्यकर्ती त्या कामात टिकायला हवी, आणि आमच्याकडे बहुतेक जणी त्याआधीच जातात. मग त्या घरांना तिसरी, चौथी नवी ताई भेटते, आणि आई प्रत्येकीला तीच कहाणी पहिल्यापासून सांगते किंवा सांगायचं सोडून देते.

पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचं काम आता सुरू होईल. त्यात 'प्रशिक्षण' आणि 'प्रवास' यांच्यासारखीच 'चिंतनशील पर्यवेक्षण' अशी स्वतंत्र ओळ असावी, तासांसह, माणसांसह. निधी देणाऱ्यांना विनंती की ही ओळ प्रस्तावात नसेल तर ती का नाही, हे आपण विचारावं. संस्थाप्रमुखांनी येत्या आढावा बैठकीला एखाद्या कार्यकर्तीला आकडे न विचारता, या महिन्यात कुठलं घर जड गेलं, एवढंच विचारावं आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावं. मी माझ्या आठ जणींसाठी दर बुधवारी दुपारचे तास राखून ठेवायला सुरुवात केली आहे, परवानगी न घेता, भेटींच्या वेळेतून. त्यामुळे या तिमाहीत आमच्या भेटींचा आकडा कमी दिसेल. तो का कमी आहे हे मी अहवालाच्या मागच्या बाजूला लिहिलं आहे. या वेळी कृपया ते वाचावं.

आपली,
गृहभेटी करणाऱ्या आठ जणींची पर्यवेक्षक